आत काय आहे

कॅम्पातल्या पोस्टात तीन नंबरच्या खिडकीत
हिरेमठ नावाची मुलगी बसते.
माझं कन्नड बाजारापुरतं,
तिचं मराठी माझ्याहून गोड.
"काय पाठवायलाय, मावशी?"
दुपटं, म्हटलं. नातवाला. आइंडहोवनला.
गावाचं नाव आठ दिवस घोकलं होतं,
तरी तोंडात ते चिंचोक्यासारखं फिरलं.

कुंदा तिनं आधीच बाजूला काढला.
दुधाचं जात नाही.
मांडे मी आणलेच नव्हते,
शहापुरातून कॅम्पापर्यंत रिक्षात टिकत नाहीत ते,
समुद्र कुठला ओलांडतायत.
राहिलं दुपटं:
वर सासूबाईंची इरकल, काठ आत वळवलेले,
मधे माझी एक वायल,
खाली ह्यांच्या धोतराचा थर.

मग तो फॉर्म. वस्तू. नग. वजन.
'भेट'च्या चौकटीत तिनंच फुली मारली.
किंमत काय लिहू?
शून्य लिही.
शून्य मशीन घेत नाही, मावशी. पाचशे लिहू?

इथं माझं चुकलं.
पाचशे?
मागं ओळीत उभा माणूस कान देऊन ऐकत होता.
आठ महिन्यांच्या संध्याकाळी,
मधेच बदललेला चष्म्याचा नंबर,
आणि ती इरकल, जिला सासूबाईंनी
जीव असेतो कुणाला हात लावू दिला नाही.
सहा हजार लिही, म्हटलं.
जरा मोठ्यानंच म्हटलं.

अकरा दिवस पार्सल कुठंतरी अडकून पडलं.
मग जावई फोनवर बोलून गेला:
तिथं भेटीला पंचेचाळीस युरोची मर्यादा,
वर गेलं की कर, करावर हाताळणीचा खर्च,
सत्तावीस युरो भरले म्हणे वैजूनं.
ती मागून त्याला गप्प करत होती,
तेही ऐकू आलं.
शेवग्याच्या शेंगा सोलता सोलता मी हिशेब केला.
अडीच हजारांच्या वर.
एवढ्याला पडला माझा तोरा.

नाका मला नवा नाही.
मी शिनोळीच्या पलीकडची.
लग्न हलकर्णीला लागलं, वरात इकडं आली,
पुरते बारा कोसही नाहीत, पण मधे हद्द.
तेव्हा तांदूळ हद्दीपार न्यायला बंदी.
टेम्पो थांबवून पोलिसानं
रुखवताची पेटी उघडायला लावली.
आत काय आहे?
पोरीचं सामान, मामा म्हणाला.
साड्या, साड्यांखाली साड्या,
आणि तळाशी उशीच्या अभ्र्यात आईनं शिवून दिलेला
दोन पायली घनसाळ.
पोलिसाचा हात अभ्र्यावर थांबला.
दाबून बघितलं त्यानं. दाणे करकरले.
मग माझ्याकडं बघितलं,
मुंडावळ्या अजून कपाळावर.
"दिंबू," म्हणाला, आणि पेटी लावली.
उशीला दिंबू म्हणतात
हे मला सासरी आल्यावर कळलं.
कन्नडातला माझा पहिला शब्द तो.

फॉर्मवर मी एकच गोष्ट लिहिली नाही.
दुपट्याच्या कोपऱ्यांना घास शिवतात,
चिंधीची इवलीशी घडी,
नाहीतर पांघरूण उपाशी राहतं म्हणतात.
त्यातल्या एका घासात
घनसाळाचे सात दाणे आहेत.
सहा हजारांवर कर लागला.
त्या सातांवर नाही.

परवा वैजू व्हिडिओवर सांगत होती,
तीन कोपरे कोरडे असतात गं,
हा एकच त्याला चोखायला लागतो, सारखा ओला.
बारीक काहीतरी लागतं हाताला.
आई, आत काय आहे?

मी भाजी ढवळायला उठले.
दिंबू, म्हटलं.