चौदा इंची

बावीस हजार. त्यात भिशीचे सोळा,
उरलेले लूना विकून आलेले.
कॅलेंडरच्या मागे, मार्चच्या पाठीवर
मी आकडे मांडत होतो, खोडत होतो.

अंगणात कडुनिंब पडून होता, तीन ओंडके.
रस्ता रुंद झाला तेव्हा तोडला,
मी मुकादमाला चहा पाजून ठेवून घेतला.
सगळ्यात बारीक ओंडका नऊ इंच.
शैलजा म्हणाली, एवढ्यात तयार कपाट आलं असतं.
आलं असतं.

मुरारजी पेठेतल्या दुकानात बँडसॉ काचेमागे होता,
निळा, आठ इंची, टेबलावर मावणारा.
पट्ट्याखाली किती उंच लाकूड जातं?
"तीन इंच. पण वर्षाची गॅरंटी आहे, सर."
मी पाचचं जुनं जाड नाणं
त्याच्या टेबलावर कडेवर उभं केलं.
म्हटलं, करा चालू.
नाणं पडलं, घरंगळत काउंटरखाली गेलं.
पोरानं वाकून काढून दिलं.
का पडलं, ते त्याला ठाऊक नव्हतं.
"घरच्या कामाला चालतंय की ओ."

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत, बंद कारखाना.
पत्र्याखाली दुपार तापत होती.
नरसय्या गुंडेटींनी मशीनवरची चादर काढली,
फाटकीच होती,
तरी चारी टोकं जुळवून घडी घातली, मग बाजूला ठेवली.
खाली बिडाचं धूड. चौदा इंची दोन चाकं.
त्यांच्या उजव्या तर्जनीला पहिलं पेर नव्हतं.
माझी नजर तिथं गेलेली त्यांनी पाहिली.
"ह्यानं नाही घेतलं ओ. मागानं घेतलं.
हे गरीब आहे."

लाईन अजून तोडली नव्हती.
बटण दाबल्यावर मशीन आधी खाकरलं,
मग एका सुरात बोलायला लागलं.
नाणं उभं केलं.
इथेही पडलं.
नरसय्यांनी बटण बंद केलं, वरचं झाकण काढलं,
चाकाच्या कडेवरून अंगठा फिरवला.
"रबर गेलंय. सायकलची ट्यूब चढवा, सोल्युशन लावून.
बेअरिंग ऐका आता."
हातानं चाक फिरवून सोडून दिलं.
ते फिरत राहिलं, बराच वेळ, काही न बोलता.

मी म्हटलं, ओंडका नऊ इंचाचा आहे.
"हे सहा घेतं."
मग?
"मग लाकूड सोला. मशीन वाढत नाही."

मोटर थ्री फेज, घरी चालणार नाही,
हेही त्यांनीच सांगितलं, मी विचारायच्या आधी.
सिंगल फेज जुनी मोटर साडेचार हजार.
नवा पट्टा, इंचाला तीन दात, साडेसहाशे.
टेम्पो आठशे. हमाल चार, सहाशे.
"म्हणजे माझ्यासाठी किती उरले?"
पंधरा हजार चारशे पन्नास.
"पंधरा द्या. वरच्यात ट्यूब."

व्हरांड्यात पाण्याची पिंपं आणि भिंत,
मधे अडीच फूट.
मी दोनदा मोजलं, शैलजानं एकदा.
तिचं बरोबर निघालं.
एक पिंप गच्चीवर गेलं.

दोन रविवार कुऱ्हाडीनं ओंडका तासला,
नवाचे सहा होईतो.
तिसऱ्या रविवारी पट्टा आत शिरला.
पिवळा ओला भुसा, ओठांवर कडू.
मग खट्ट.
कुठल्याशा क्लासच्या जाहिरातीचा खिळा,
झाडानं कधीच गिळून टाकलेला.
तीन दात गेले.
नरसय्यांना फोन केला, ते हसले नाहीत.
"उरलेल्या दातांनी हळू खायचं."

हळू खाल्लं. संध्याकाळी फळी सुटली,
खिळ्याच्या जागी काळा डाग, रुपयाएवढा.
मी नाणं उभं केलं, मोजायला लागलो.
अकरापर्यंत उभं होतं.
तेवढ्यात गल्लीत आरडाओरड, पाणी आलं, पाणी आलं,
पाचव्या दिवसाचं.
शैलजानं पंप लावला, दिवा मिणमिणला,
पट्ट्याचा आवाज बसला,
आणि नाणं पडलं.

ह्या वेळी का पडलं ते मला ठाऊक होतं.