घट

क्लेम पॅस्को गेला तेव्हा शेडमध्ये निघाल्या
जॅमच्या अकरा बरण्या.
दहांत खिळे, वायसर, जळके फ्यूज.
अकरावीत चौदा वर्षांचे शनिवार.

लोर्नानं ती स्वयंपाकघरात उपडी केली.
मसुरीएवढे, गुंजेएवढे, माशाच्या खवल्याएवढे,
आणि एक
कानाच्या पाळीसारखा वळलेला,
तळहातावर ठेवला की हात खाली ओढणारा.
प्रत्येक खडा वेगळ्या पुडीत,
पुडीत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी.
चिठ्ठ्या तिनं तेव्हा वाचल्या नाहीत.
विजेचं बिल आलं होतं.

भट्टीवाला फोनवर म्हणाला,
आटवून उरेल त्याचे पैसे, त्यातले तीन टक्के आमचे.
दोन औंसांखाली भट्टी पेटवत नाही.
'आणि आकार?'
'बाई, भट्टीला आकार दिसत नाही.'

गहाणाच्या दुकानात गिटारी टांगलेल्या, ड्रिल मशीनं रांगेत.
तिथला पोरगा सोन्याकडे कमी,
तिच्या चपलांकडे जास्त पाहत होता.
'निम्मे देतो. पण आत्ता, रोख.'
तिनं पुड्या परत मोजून घेतल्या.

बेरिल म्हणाली, रविवारच्या बाजारात बस माझ्याशेजारी,
काचेच्या नळीत पाणी घाल, चिमूटभर कण सोड,
पाणी सगळं मोठं करून दाखवतं.
बेरिलची टोमॅटोची चटणी बारा वाजेपर्यंत संपली.
लोर्नाच्या दोन नळ्या गेल्या.
एका मुलीनं विचारलं, 'तुम्ही शोधलं?'
तिला एकदम खोकला आला.

बेंडिगोचा अर्नेस्ट लियोंग,
आजोबांच्या कसोटीच्या दगडावर रेघ ओढून,
वर आम्लाचा थेंब टाकून
बराच वेळ गप्प बसला.
'चोख आहे. आटवू नका हो.
छोटे मला द्या, कडी लावून तसेच गळ्यात घालतात लोक.
वजनाचे पैसे, वर दहावा हिस्सा.
हा मोठा मात्र क्योला दाखवा.'

डन्स्टन क्यो दुपारी आला, धुळीनं लाल झालेल्या गाडीतून.
भिंग लावलं. चहा निवला.
'कुठे सापडला? कुठली टेकडी, कुठला ओढा, किती खोल?
ठिकाण कळलं तर दीडपट देईन.'

सख्ख्या भावालाही क्लेमनं कधी जागा सांगितली नव्हती.
गाडी दोन मैल अलीकडे लावून तो चालत जायचा.
तेव्हा तिनं पुड्या उलगडल्या.

'उलटा वारा. दोन सँडविच, एक कावळ्यानं नेलं.'
'एकशे सतरा छर्रे, तीन पत्र्याची झाकणं, मग हा.'
'गुडघा. उद्या येणार नाही.'
'आलो.'

आणि मोठ्याच्या पुडीत:
'लोर्ना चार दिवस बोललेली नाही.
हा तिला दाखवणार नाही.'

क्यो खिडकीबाहेर पाहू लागला.
मग भिंग खिशात घालत म्हणाला,
'चिठ्ठीसकट द्याल का?'
'चिठ्ठीचे वेगळे पडतील,' लोर्ना म्हणाली,
आणि असा आकडा सांगितला
की तिची तीच दचकली.
त्यानं दिले.

छोटे लियोंगकडे गेले.
बरणीच्या बुडाचा चुरा, खडे, काळी रेती
सगळं भट्टीला.

तीन आठवड्यांनी पावती आली.
आलेलं वजन. आटल्यावरचं वजन.
मधल्या रकान्यात घट, चार ग्रॅम:
माती, गंज, कुणास ठाऊक काय.
खाली रक्कम. विजेचं बिल, छपराचा पत्रा,
आणि थोडे उरतील असे.

तिनं पेन्सिल शोधली. पावतीच्या पाठीवर लिहिलं:
'गुरुवार. वारा नाही.
भांडण आठवलं. पडद्यांवरून.
चूक माझी नव्हती.'

घडी घालून बरणीत टाकली, झाकण लावलं,
आणि बरणी शेडमध्ये नेऊन ठेवली,
फ्यूजच्या शेजारी.