ठसा

सेलूच्या निबंधक कचेरीत
कोंडाआत्याचा अंगठा मशीन घेत नाही.
रेघाच गेल्यात, म्हणतो ऑपरेटर,
ओल्या फडक्यानं पुसतो, परत टेकवतो.

आजोबांना जाऊन एकतीस वर्षं झाली.
सातबारावर ते अजून कापूस पेरतात.

मधल्या काळात दोन्ही काका बोलायचे थांबले,
वकील वारला, फाईल त्याच्या पोराकडे गेली.
आत्याला कुणी विचारलंच नाही.
आज मी जिंतूरहून जीपनं आणलं तिला,
बोरीच्या फाट्यावर चहा पाजला,
हक्कसोडीत काय लिहिलंय
ते सांगितलं नाही.

चौथ्यांदा लाल दिवा.
आत्या हसते,
"मपल्या बोटाला कळालं बघ,
मलाच कळंना."

लिंबाजीकाका चष्मा काढतात.
धोतराच्या सोग्यानं पुसत राहतात, काचा स्वच्छ असून.
मग खेकसतात,
"नावच घाला हो तिचं.
जेवायला उशीर व्हायलाय."

धाकटे काका खिडकीकडं बघतात.
नाही म्हणत नाहीत.
मुद्रांकाचे पाचशे वाया गेले,
एवढंच म्हणतो वकिलाचा पोरगा.

पायऱ्या उतरताना आत्या
अंगठा केसांना पुसते, जुन्या सवयीनं.
शाई नव्हतीच त्याला.