इतिवृत्त

आमच्या गावच्या सभेचं इतिवृत्त मी लिहिते.
बावीस वर्षं झाली.
गाव एवढंसं. नेब्रास्काच्या सपाटीवर
धान्याची एक उंच कोठी, दोन चर्च,
बंद पडलेलं तिसरं,
आणि पेट्रोल पंपामागं हे सभागृह,
ज्याचा हीटर अध्यक्षांहून जास्त बोलतो.

महिन्याचा दुसरा मंगळवार, संध्याकाळी सात.
हजेरी. झेंड्याला वंदन. मग प्रार्थना.
सगळे उभे राहतात,
बर्फाचे बूट फरशीवर ओले नकाशे काढतात
आणि माना खाली जातात
वाऱ्यात ओटच्या लोंब्या जाव्यात तशा.

माझी जात नाही.
रविवारी मी पहिल्या बाकावर असते, विचारा कुणालाही.
पण इथं मला घड्याळ बघायचं असतं,
"सात वाजून दोन मिनिटं" असं लिहावं लागतं.
त्यामुळं उघड्या डोळ्यांना जे दिसतं ते मी पाहिलंय:
मिसेस हाल्वर्सन आमेनच्या आत
बिलांची बेरीज संपवताना,
ऑर्विल उभ्याउभ्या पेंगताना,
आणि अध्यक्ष क्लाइड रेनर,
डोळे किलकिले, रांगारांगांतून फिरणारे.
कोण उभं. कोण बसलेलं.
आमची नजरानजर झाली
की आम्ही दोघंही छताकडं बघायचो.

फेब्रुवारीत मारिस्का डोब्रान आली.
विषय क्रमांक सहा:
शाळेच्या वळणावर "थांबा"ची पाटी लावण्याबाबत.
तिच्या पोराचा पाय अजून प्लास्टरमध्ये होता.
तिचं नि देवाचं बिनसलंय, हे गावाला ठाऊक होतं.
तिनंच सांगितलं होतं दुकानात, बटाटे निवडता निवडता:
"आमच्यात बोलणं नाही सध्या."

पाद्री म्हणाले, उभे राहू या.
ती बसून राहिली.
एक श्वास. दोन.
मग तिनं मांडीवरची फाईल पाहिली,
टेबलामागची पाच माणसं पाहिली
(तीन मतं हवी होती)
आणि उठली.
बोटांत बोटं गुंतवली, मान घातली खाली,
आमेन म्हणाली सगळ्यांच्या आधी,
जरा मोठ्यानंच.

क्लाइडनं पाहिलं. मी पाहिलं.
छताकडं बघायला मला जमलं नाही.

पाटी मंजूर झाली, तीन विरुद्ध दोन.
ती बसून राहिली असती तरी झाली असती कदाचित.
क्लाइड वाईट माणूस नाही;
माझ्या नवऱ्याच्या दफनाला
गोठलेली जमीन त्यानंच फोडून दिली होती.
पण त्या "कदाचित"चं ओझं
मारिस्कानं का वाहायचं,
हे कुठल्या रकान्यात लिहू?

खुर्च्या आवरल्यावर एझ्रा टीगार्डन माझ्या टेबलाशी आले.
एक्क्याऐंशी वर्षांचे बॅप्टिस्ट पाद्री,
हातमोजे शोधल्यासारखं करत होते, हातमोजे हातातच.
म्हणाले, "मी पत्र देवाला लिहिलं, वर्ना,
ते क्लाइडच्या पेटीत पडलं."
मग बऱ्याच वेळानं,
"आमच्या जुन्या लोकांनी पाठीवर चाबूक खाल्ले,
पण सरकारी गुडघे टेकले नाहीत.
आणि मी त्या बाईला उभं केलं.
माझं नाव यादीतून काढ."

"मग एप्रिलमध्ये प्रार्थना कोण करणार?"
"मीच. घरी. दार लावून."

रात्री टाइप करायला बसले.
"सात वाजून दोन: प्रार्थना झाली."
बावीस वर्षांत हे वाक्य बोटं आपोआप लिहितात.
झाली का?
खोडलं.
चहा केला, तो निवला.
मग लिहिलं:
"सात वाजून दोन ते सात वाजून चार:
सर्व उपस्थित उभे होते."

मार्चमध्ये ते मोठ्यानं वाचून दाखवलं.
क्लाइडनं विचारलं, "इतिवृत्तात काही दुरुस्ती?"
कुणी बोललं नाही. हीटर बोलत राहिला.
तो माझ्याकडं बघत होता,
मी त्याच्याकडं.
छत दोघांच्याही डोक्यावर होतं,
ते कुणीच पाहिलं नाही.