गुरुवारी टीव्ही नसे

आमच्या देशात तेव्हा गुरुवारी टीव्ही नसे.
सरकारनंच दिलेली सुट्टी. जुलैत तर महिनाभर.
बाकीचे दिवस एकच वाहिनी
आणि फ्योर्डच्या तळाशी आमचं गाव,
जिथं हिवाळ्यात सूर्य डोंगरामागं गेला
की फेब्रुवारीपर्यंत तोंड दाखवायचा नाही.

आईचे नियम तिच्या विणकामासारखे,
दोन सुलट, एक उलट.
बातम्या चालतील. कुस्ती नको.
पडद्यावर कुणी कुणाच्या फार जवळ आलं
की "एय्दिस, बाबाला कॉफी आण."
त्या वर्षी इतकी कॉफी आणली मी
की बाबा पहाटेपर्यंत टक्क जागा.

परदेशी सिनेमा असला की खालची अक्षरं
मी काउरीला वाचून दाखवायची.
तो सात वर्षांचा, अक्षरं त्याच्यापेक्षा जोरात पळायची.
शिव्या मी गाळायची. मेलेल्यांना
"दमले" म्हणायची.
हे आईनं सांगितलं नव्हतं.

एका बुधवारी बोट फुटली.
नायक पाण्यात, पाणी निळंशार,
आणि तो बोलतोय, बोलतोय,
बायकोला निरोप, मुलाला उपदेश,
मग व्हायोलिन, मग नुसता हात.
"दमला," मी म्हटलं.
काउरी हमसून रडायला लागला.

आई उठली, सुया हातातच,
बटणाकडं निघाली.
"राहू दे," बाबा म्हणाला.
"लहान आहे रे तो, थॉर्गिल्स."
"राहू दे म्हटलं ना. उद्या बोलू."

उद्या म्हणजे गुरुवार.
काळ्या काचेत आमचीच चार डोकी, वाकडी,
टीव्हीवर क्रोशाचा रुमाल,
रुमालावर हाफ्लिदीकाकाचा फोटो,
ज्याच्याबद्दल घरात कुणी काही विचारत नसे.
बाबा वाळवलेल्या माशाला लोणी लावत होता.
तुकड्याला नव्हे, जणू कुणाच्या पाठीला, इतकं सावकाश.

"कालचं पाणी खोटं होतं," तो म्हणाला.
"निळं नसतं?"
"रात्री त्याला रंगच नसतो.
आणि एवढं कुणी बोलत नाही.
थंडी आधी जीभ घेते.
हाका आपण मारायच्या असतात, वरून."
"मग काका काय म्हणाला?"
काउरीला कुणी सांगितलं होतं, देव जाणे.

बाबानं सुरी पुसली. परत पुसली.
"काही नाही. बघत होता.
दोर मी टाकला होता. तो आखूड पडला."

आईनं विणकाम खाली ठेवलं.
टाके सुटले असणार, तिनं मोजले नाहीत.
कॉफी आण, असंही म्हणाली नाही.

आता गुरुवारची सुट्टी कधीच संपली.
माझ्या मुलाच्या टॅबलेटला मी कुलूप घातलं होतं,
त्यानं ते दोन दिवसांत उघडलं
आणि नवा आकडा मलाच शिकवला.
काय बघतोस?
काही नाही.
किती वेळ बघणार?
हे संपेपर्यंत.

मी बाजूला जाऊन बसते.
तो जरा सरकतो, मग एक इअरफोन काढून
माझ्या तळहातावर ठेवतो, कोमट.
कुठली भाषा आहे ती, मला येत नाही,
चष्मा स्वयंपाकघरात राहिलाय,
म्हणून खालची अक्षरं तोच वाचून दाखवतो,
हळू आवाजात, भराभर.

मध्येच अडखळतो.
काहीतरी गाळतोय.
मी विचारत नाही. आज बुधवार आहे.