स्रोत क्रमांक सात

वॉर्ड ऑफिसातून परिपत्रक आलं :
‘वर्गाची मांडणी विद्यार्थ्यांच्या सहभागाने करावी.
फोटो जोडावेत.’
मी चौकटीच्या वहीतली पानं वाटली,
म्हटलं, काढा बघू, कसा हवा आपला वर्ग.
दर्शील कोळीने बाकं होडीसारखी मांडली,
अफसानाने फळ्याला चाकं लावली,
वेदिका भुवडने फक्त एक बाण काढला
कपाटापासून दारापर्यंत,
आणि खाली लिहिलं : ‘हे खिडकी खातंय.’

लोखंडी कपाट. आधी चौघांनी ढकललं, मग अकरांनी.
शिपाई गुरवमामा ओरडत राहिले, पाय सांभाळा, पाय.
मागची भिंत जुन्या पिवळ्या रंगाची,
रंगारी तिथवर कधी पोचलेच नव्हते.
आणि तिच्यावर आडवी,
चहाच्या कपाला राहते तशी
एक तपकिरी रेघ.

बाई, हे काय?

मला माहीत होतं.
कुर्ल्याच्या या तळमजल्यावर, मिठीपासून हाकेच्या अंतरावर
सत्तावीस वर्षं शिकवतेय मी.
उत्तर जिभेच्या टोकाशी आलं, खडूच्या चवीसकट.
गिळलं.
म्हटलं, शोधा.

पानवाला म्हणाला, ओल आहे, दुसरं काय.
मुख्याध्यापक म्हणाले, बाकांची पाठ घासली असेल.
दर्शीलचे आजोबा म्हणाले, सव्वीस जुलै,
आणि पुढे बोलेनात.
दर्शीलने तेही लिहिलं : ‘पुढे बोलले नाहीत.’
कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत
तशीच रेघ सापडली, पण चार बोटं खाली,
त्यावरून दोन दिवस भांडण :
पाणी एकच, तर रेघा दोन कशा?
अफसानाचे अब्बा गवंडी. त्यांची लेव्हलची नळी आली,
तिच्यात पाणी भरून, एक टोक शाळेत, एक गिरणीत,
मुलं गल्लीभर सरपटत गेली.
गिरणीची जमीनच चार बोटं उंच निघाली.
त्या दिवशी गणिताचा तास झाला नाही.
किंवा झाला.

शनिवारी वही घेऊन माझ्यासमोर उभी :
बाई, तुम्ही तेव्हा कुठे होता?

सांगितलं. वीस वर्षं सांगतेय तसंच.
तो मंगळवार, काळवंडलेली दुपार,
बाकांवर चढवलेली मुलं,
आणि पाणी, गळ्यापर्यंत.
हात आपोआप गळ्याशी गेला. नेहमी जातो.

वेदिकाने टेप काढली.
बाई, भिंतीला टेका ना जरा. चप्पल काढून.
रेघ चौऱ्याण्णव सेंटिमीटरवर.
माझ्या कमरेच्या जराशी वर.
कुणी हसलं नाही.
लिहिताना ती मान तिरकी करते, जीभ बाहेर :
‘स्रोत क्र. ७, बाई. प्रत्यक्ष साक्षीदार.
गळ्यापर्यंत, असं म्हणतात. पडताळणी बाकी.’

मग पेन्सिल कानामागे खोचून :
मग गळा कुणाचा होता, बाई?

बाकं आता फळ्याकडे पाठ करून बसतात.
परिपत्रकाला फोटो जोडला, त्यात रेघ नीट आलेली नाही.
साहेब येऊन गेले, विचारलं, ही भिंत रंगवणार कधी?
मुलं म्हणाली, काम चालू आहे.

आणि मी मधल्या सुट्टीत
त्याच कपाटाच्या तळच्या खणातून
दोन हजार पाचचे हजेरीपट उपसतेय.
पहिली ब. फुगलेला पुठ्ठा.
पहिलीतलं मूल असतं तरी केवढं?
चौऱ्याण्णवला त्याचं काय येतं?
एक बोट माझ्या मुठीत होतं, एवढं आठवतं.
जुलैची पानं एकमेकांना चिकटलीत.
मी नख लावते.

‘हळू, बाई,’ वेदिका फुटपट्टी पुढे करते,
‘पुरावा आहे तो.’