डावा कान

कॉलेज रोडच्या शोरूममध्ये मुलगा म्हणाला,
काका, डोळे मिटा.
मिटले.
तबला उजवीकडून आला.
डावीकडून काय आलं, त्यालाच ठाऊक.
डावा कान मी सातपूरला देऊन आलोय,
प्रेस शॉपमध्ये, सव्वीस वर्षांत,
हप्त्याहप्त्यानं.

जोडी एक्क्याऐंशी हजारांची.
वायर नाही, भिंतीला भोक नाही,
फोनवरून बोट फिरवलं की झालं.
सुलभा जाळीवर नख घासून बघत होती,
धूळ कशी पुसायची?
आणि मिक्सर चालू असला तर ऐकू येईल का?
मुलगा हसला. मी विचारलं,
एकच मिळेल?
एकात मजा नाही काका, तो म्हणाला.
ते मला सांगतोय.

गंगापूर नाक्याच्या सिग्नलला
ती नेहमीसारखी उजव्या खांद्यावर वाकली.
भाव फारच आहे, म्हणाली,
आवाज मात्र खरा होता.
डावीकडं काय होतं गं?
थोडा वेळ गप्प.
मग हेल्मेटच्या फटीतून, अगदी जवळून,
तंबोरा असावा.
आणि कुणीतरी मध्येच श्वास घेतला,
तोसुद्धा आला.

कसा, म्हणून विचारणार होतो.
चला आता, ती म्हणाली,
मागचा कधीचा हॉर्न देतोय.